गोडाची हद्द

शुक्रवारी दुपारी जेरुसलेमच्या माहाने येहुदा बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी शहरभर भोंगा वाजतो आणि शब्बाथ लागतो. त्यानंतर शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, पैशाला हात लावायचा नाही, पीठ मळायचं नाही. त्यामुळे आधीच्या काही तासांत सगळा बाजार घाईला आलेला असतो, आणि सर्वांत मोठी झुंबड पाववाल्यांकडे उडते. फळ्यांवर वेणी घातलेले, तपकिरी, अंड्याच्या लेपाने चकाकणारे पाव रचलेले असतात. कुणावर तीळ, कुणावर खसखस. ही खला. दूध-अंड्यांसारखाच साध्या खलेचा भावही इस्रायलचं सरकार ठरवून देतं.

जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यातही दोन जाती दिसतात. काही पिशव्यांवर ‘गोड खला’ असं हिब्रूत छापलेलं असतं, काहींवर ‘पाण्याची खला’. वेणी तीच, रंग जवळपास तोच. एखादं घर पिढ्यान्‌पिढ्या गोडच घेत आलेलं असतं. शेजारच्या घरातल्या मुलांना ती गोड खला कितीही आवडली, तरी शब्बाथच्या जेवणाची सुरुवात तिने करता येत नाही. चार-सहा चमचे साखरेवरून पडलेला हा फरक साडेचारशे वर्षांहून जुना आहे. पाव किती गोड झाला की तो पाव राहत नाही, या प्रश्नावर एका बाजूला गालीलच्या डोंगरातला आणि दुसऱ्या बाजूला पोलंडमधला असे दोन मोठे धर्मशास्त्री दोन वेगळी उत्तरं देऊन गेले आहेत. सणासुदीला पाव भाजणारी ज्यू घरं आजही त्यांतलं एक पाळतात.

पावाबद्दल इतका बारकाईने विचार करणारी परंपरा दुसरी शोधूनही सापडणार नाही. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांची यादी आहे. त्यांतली पहिली 11 वाचली की पावाचा जन्मच डोळ्यांपुढे उभा राहतो: पेरणं, नांगरणं, कापणं, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणं, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं. शेतापासून भट्टीपर्यंतचे सगळे कष्ट सहा दिवसांत आटपायचे आणि सातव्या दिवशी तयार पाव समोर ठेवून बसायचं, अशी ही रचना आहे. म्हणूनच शुक्रवारच्या त्या पावाला इतका मान.

तो एक ठेवत नाहीत, दोन ठेवतात. मिसरमधून सुटून वाळवंटात भटकणाऱ्या लोकांना रोज आकाशातून मान्ना मिळत असे आणि शब्बाथसाठीचा वाटा आदल्या दिवशीच दुप्पट येई, ही ‘निर्गम’ या पुस्तकातली कथा. जोडीचा पाव तिची आठवण. मान्नाच्या खाली-वर दवाचा थर असे, म्हणून पावाच्या खाली फळी किंवा ताटली आणि वर भरतकामाचं कापड. या कापडाचं आणखी एक कारण घराघरांत मुलांना सांगतात. जेवणाआधी पहिला आशीर्वाद द्राक्षरसावर म्हटला जातो आणि पावाला थांबावं लागतं. मान मागे पडल्याने पावाला ओशाळं वाटू नये, म्हणून तेवढा वेळ त्याला झाकून ठेवायचं. सहा पेडांच्या दोन वेण्या केल्या तर पेड होतात 12, आणि जेरुसलेमच्या मंदिरात दर आठवड्याला मांडल्या जाणाऱ्या पावांची संख्याही 12 होती. बऱ्याच घरांत सहापेडी वेणी घालतात ती यासाठी.

खला हे नाव मात्र मुळात या पावाचं नाहीच. पीठ मळून झालं की त्यातला एक वाटा काढून पुरोहिताला द्यावा, अशी आज्ञा ‘गणना’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात आहे. त्या वाट्याला खला म्हणत. मंदिर राहिलं नाही, तसं पुरोहिताला देणंही थांबलं. आता सुपारीएवढा गोळा काढून तो भट्टीत जाळून टाकतात. त्यालाही मोजमाप आहे: बहुतेकांच्या हिशेबाने पीठ साधारण 1 किलो 200 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर वाटा काढायचं कारण नाही, साधारण 1 किलो 670 ग्रॅमच्या पुढे गेलं की आशीर्वाद म्हणून काढायचा. हा नियम फक्त पाच धान्यांना लागू आहे: गहू, जव, स्पेल्ट नावाचा जुना गहू, ओट आणि राय. तांदूळ त्यात बसत नाही. कोकणच्या संदर्भात या एका तपशिलाला फार महत्त्व आहे, त्याकडे पुढे येऊच.

शब्बाथच्या पावाला खला म्हटल्याची सुरुवातीची नोंद पंधराव्या शतकातली आहे, ऑस्ट्रियातली. वीनर नॉयश्टाट या गावी इस्रायल इसेरलाइन नावाचे मोठे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते. त्यांचा शिष्य योसेफ बेन मोशे गुरूच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टीही टिपून ठेवत असे. त्याच्या ‘लेकेत योशेर’ या ग्रंथात शुक्रवारी होणाऱ्या पातळ खलांचं वर्णन आहे: पीठ अंडी, तेल आणि अगदी थोडं पाणी घालून मळलेलं. आज न्यूयॉर्कमधल्या बेकरीत गेलं तरी पिठात पडणाऱ्या मुख्य गोष्टी याच. पाचशे वर्षांत भर पडली ती साखरेची.

वेणी आली ती शेजाऱ्यांकडून. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियातली ख्रिस्ती घरं रविवारी आणि सणाला वेणीचे पाव भाजत. स्वित्झर्लंडचा त्सोफ आणि झेक लोकांचा नाताळातला वानोच्का हे त्याच घराण्यातले. ज्यूंनी आकार घेतला, आतलं पीठ मात्र आपल्या नियमाने बांधलं. त्सोफमध्ये दूध आणि लोणी सढळ हाताने पडतं. खलेत यांतलं काही चालत नाही. दूध आणि मांस एका जेवणात एकत्र येऊ द्यायचं नाही, हा ज्यू आहाराचा पाया, आणि शब्बाथच्या ताटात बहुधा मांस असतं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाने तर पुढचा विचार करून ठेवला आहे: पीठ दुधात मळूच नये, नाहीतर कुणीतरी चुकून तो पाव मांसाबरोबर खाईल. अपवाद एवढाच की पाव थोडा असावा, किंवा पाहताक्षणी ओळखू येईल असा त्याचा आकार वेगळा असावा. लोण्याची जागा तेलाने किंवा हंसाच्या-कोंबडीच्या चरबीने घेतली. मऊपणा, रंग आणि श्रीमंती आणायचं काम अंड्यांकडे गेलं. लोण्याविना इतका मऊ आणि धाग्याधाग्याने सुटणारा पाव युरोपात क्वचितच मिळेल. त्याचं श्रेय निर्बंधाला द्यायला हवं.

हाच निर्बंध कोकणातही होता आणि तिथे त्याने वेगळाच पदार्थ घडवला.

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या आसपास वसलेले बेने इस्रायली आपलं मूळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताशी जोडतात. पेणकर, नवगावकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावं, घरात मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. शब्बाथचं पालन ज्यांच्या जातीच्या नावातच मुरलं, असे लोक जगात दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. त्यांच्या ताटात मात्र वेणीचा पाव नव्हता. कोकणात पिकतो भात. खाणं भाताचं, तांदळाच्या भाकरीचं, माशाच्या आमटीचं. ज्यू धर्मशास्त्राच्या काट्यावर तांदळाची भाकरी ‘पाव’ ठरत नाही, तिच्यावर पावाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. चपाती मात्र गव्हाची, म्हणून चालते. द्राक्षाची दारू मिळायची नाही, म्हणून मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत आशीर्वादासाठी वापरायचे. मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्रायली घरांत ते आजही होतं.

आणि नव्या वर्षाला? रोश हाशाना हा ज्यू वर्षाचा पहिला दिवस तिश्री महिन्याच्या प्रतिपदेला येतो. त्यांची कालगणना चंद्राचीच, अधिक महिन्यांसह, त्यामुळे बऱ्याच वर्षी तो घटस्थापनेला येऊन भिडतो. 2024 साली घटस्थापना आणि रोश हाशानाचा पहिला दिवस दोन्ही 3 ऑक्टोबरला होते. 2025 साली 22 सप्टेंबरला घट बसले आणि त्याच संध्याकाळी रोश हाशाना लागला. कोकणातल्या बेने इस्रायलींनी या दिवसाला नाव दिलं नव्याचा सण. पाठोपाठ खिरीचा सण, त्यात नारळाच्या रसातली खीर. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 साली लिहून पुरा केलेल्या आणि पुढे 1937 साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या बेने इस्रायलींच्या इतिहासात ही सणांची मराठी नावं नोंदलेली आहेत.

नव्या वर्षाचं या घरांतलं खास गोड म्हणजे चिकाचा हलवा. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग साखर घालून मंद आचेवर हात न थांबवता ढवळत राहायचं. कोकणातल्या इतर घरांत अशा पदार्थात दूध पडलं तरी कुणाची हरकत नसते. इथे पडतं ते नारळाचं दूध, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही वडी तोंडात टाकता येते. ऑस्ट्रियातल्या स्वयंपाकघरात ज्या नियमाने लोणी हटवून तेल आणलं, त्याच नियमाने अलिबागेत गाईच्या दुधाच्या जागी नारळ आणला. दोन्हीकडे धान्य गव्हाचंच, दोन्हीकडे सण तोच. या दोन पदार्थांना एका घराण्यातली भावंडं मानलं पाहिजे, मग एकाला वेणी असो नाहीतर दुसऱ्याच्या शंकरपाळी आकाराच्या वड्या पडोत.

बिनखमिराच्या पावाशी कोकणच्या ज्यूंचं नातं तर छापून ठेवलेलं आहे. वल्हांडणाच्या सणात यीस्टचा किंवा आंबलेल्या पिठाचा कणही घरात राहू द्यायचा नाही आणि सपाट, कोरडी मात्सा खायची, ही रीत. सणाच्या पहिल्या रात्री वाचायची हगादा ही पोथी 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी शेजारी-शेजारी छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत मात्सा करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत आणि जमिनीवर बसून काम करताहेत. युरोपीय हगादांच्या चित्रांमधले टेबल-खुर्चीवाले पाहून डोळे सरावलेल्या कुणालाही ही पानं थक्क करतात.

आता साखरेकडे. मध्ययुगात युरोपातल्या सामान्य ज्यू घराला साखर परवडत नव्हती. मध होता, तोही सणापुरता. चित्र पालटलं ते बिटाने. बिटात उसासारखीच साखर असते हे बर्लिनच्या मार्कग्राफने 1747 साली दाखवून दिलं. त्याचा शिष्य आखार्ड याने सायलीशियात कुनेर्न इथे जगातला पहिला बिट-साखर कारखाना काढला आणि 1802 साली तो चालू झाला. पुढच्या शतकात पोलंड आणि युक्रेनची काळी जमीन बिटाखाली गेली. कीवचं ब्रॉडस्की हे ज्यू घराणं रशियन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या साखर कारखानदारांपैकी एक झालं. 1898 साली बांधलेलं कीवचं मोठं सिनेगॉग आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. साखर कारखाना आला की पंचक्रोशीची जीभ कशी बदलते, हे पश्चिम महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. पोलंडच्या ज्यूंची बदलली. मासासुद्धा ते गोड करू लागले, तर लिथुआनियाच्या बाजूचे मिरीच घालत राहिले. मार्विन हर्झॉग या भाषाशास्त्रज्ञाने यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या बोलींचा अभ्यास करताना 1965 साली या गोड-तिखट माशाची सीमा नकाशावर आखून दाखवली, आणि ती बोलींच्या सीमेला बरीच मिळतीजुळती निघाली.

साखर मुबलक झाली तशी खलेतही ती पडू लागली, आणि इथे ते दोन शास्त्री येतात.

पहिले योसेफ कारो. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या घराण्यातले, गालीलमधल्या सफेद गावी स्थायिक झालेले. 1565 साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘शुल्खान आरुख’ या ग्रंथात रोजच्या जगण्याचे नियम क्रमाने मांडलेले आहेत. त्यात एक सूक्ष्म चर्चा आहे: पीठ मळताना त्यात मध, तेल, दूध किंवा मसाले घातले आणि त्यांची चव पिठात जाणवू लागली, तर ते काय? कारोंच्या मते ते पावाच्या वर्गातून बाहेर गेलं, खाऊच्या वर्गात आलं. त्यावर पावाचा आशीर्वाद म्हणायचा नाही, केकचा म्हणायचा. दुसरे क्राकोचे मोशे इसरलेस. त्यांनी कारोंच्या ग्रंथावर उत्तर-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या रिवाजाला धरून टिपा जोडल्या. त्यांचं म्हणणं, नुसती चव जाणवून भागत नाही. मध किंवा मसाला इतका पडला पाहिजे की जवळपास तोच मुख्य आणि पीठ दुय्यम ठरावं. तेवढं होत नाही तोवर पाव हा पावच.

एकाने जिभेवर हद्द ठेवली, दुसऱ्याने प्रमाणावर. दोघांनी लिहिलं तेव्हा युरोपात बिटाची साखर नव्हती, शुक्रवारची साखरेची खला नव्हती. तरी तीनशे वर्षांनी जेव्हा ती आली, तेव्हा इसरलेस यांना मानणारी पोलिश, रशियन, हंगेरियन घरं निर्धास्तपणे गोड खला भाजू लागली. कारोंना मानणारे सेफार्दी, म्हणजे स्पेन, मोरोक्को, सीरिया, इराक या वर्तुळातले ज्यू, गोडी जिभेला कळली की थांबले. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. शब्बाथचं जेवण पावावरच्या आशीर्वादाने सुरू व्हायला हवं. समोरचा पदार्थ केक ठरला तर जेवणच नीट सुरू होत नाही. बाजारातल्या त्या पिशव्यांवरचे दोन शिक्के यासाठी आहेत. बेने इस्रायलींची उपासनापद्धतीही मुख्यतः सेफार्दी वळणाची, म्हणजे घरात रीत पाळायची म्हटली तर त्यांच्या वाट्याला येते पाण्याची खला.

ही तंटेबाजी कुणाला कीस काढण्यासारखी वाटेल. पण सणाचा पदार्थ रोजच्यापेक्षा किती वेगळा व्हावा आणि वेगळा होतानाही त्याने आपली ओळख कितपत राखावी, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कुणी ना कुणी न बोलता सोडवत असतं. ज्यूंनी तो लिहून सोडवला, दोन उत्तरं दिली आणि दोन्ही चालू ठेवली, याचं अप्रूप वाटतं.

अमेरिकेत गोड बाजूने जोर धरला. तिथे मैदा, अंडी, साखर तिन्ही स्वस्त, आणि भर पडली खात्रीच्या यीस्टची. त्याआधी घरोघरी आंबवलेल्या पिठाचा गोळा राखून ठेवत किंवा दारूच्या भट्टीतून वर आलेला फेस आणत. रोज फुगण्याची वेळ वेगळी, चव वेगळी. ऑस्ट्रियन साम्राज्यातून अमेरिकेला गेलेल्या चार्ल्स फ्लाइशमन या ज्यू माणसाने भाऊ आणि एका भागीदारासह 1868 साली सिनसिनाटीला दाबून वड्या केलेलं यीस्ट बनवायला सुरुवात केली. 1876 साली फिलाडेल्फियाच्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात त्यांनी व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उभारली आणि हजारो लोकांनी ते पाव चाखले. गोड पिठाला अशा जोमदार यीस्टची गरजच असते. साखर पाणी धरून ठेवते आणि यीस्टच्या पेशींमधलंही पाणी ओढून घेते. पिठाच्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांपुढे साखर गेली की फुगण्याचा वेग ठळकपणे उतरतो. म्हणून गोड खलेत यीस्ट थोडं जास्त आणि धीर बराच जास्त लागतो.

घरी करायची तर अर्धा किलो मैद्याला साधारण 180 मिलिलीटर कोमट पाणी, 2 अंडी आणि 1 पिवळा बलक, 60 मिलिलीटर वास नसलेलं तेल, 70 ग्रॅम साखर, 9 ग्रॅम मीठ, 6 ते 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ही पोलिश वळणाची गोड खला झाली. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून बघतात. रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून देतात, हाही आहारनियमच. आपल्याकडचा मैदा दर गिरणीचा वेगळा पाणी पितो, म्हणून चाळीसेक मिलिलीटर पाणी हाताशी राखून ठेवावं आणि लागेल तसं घालावं. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल नको, पुरीइतकं घट्टही नको. दहा-बारा मिनिटं नेटाने तिंबायचं. चिमटीत घेतलेला गोळा हळूहळू ताणला आणि तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरला, पलीकडचा उजेड दिसला, की ग्लूटेन तयार झालं. तेल आधी घातलं तर ते कणांभोवती बसतं आणि ही जाळी धरायला वेळ लागतो. पाणी-अंड्यात पीठ भिजल्यावर तेल घालणं सोयीचं.

मग झाकून दुप्पट होईपर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याला तासाभरात होतं, दिवाळीनंतर हवा उतरली की दीड-दोन तास. गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर चव खुलते आणि गार पिठाच्या वळ्याही नीट होतात.

वळ्या करताना घाई चालत नाही. सहा समान वजनाचे गोळे, प्रत्येकाची मधे जाड आणि टोकांना निमुळती वळी. वळी आखडून मागे येत असेल तर पीठ दमलेलं असतं. दहा मिनिटं विसावा द्यायचा. हाताखाली तेल किंवा पीठ जास्त नको, वळीला ओट्याची थोडी पकड लागते. सहाही वळ्यांची वरची टोकं चिकटवायची. मग उजवीकडची टोकाची वळी उचलून दोनांवरून, एकाखालून, दोनांवरून डावीकडे न्यायची. पुन्हा जी उजवीकडे टोकाला येईल तिचं तेच. शेवटपर्यंत एवढाच मंत्र. तीनपेडी वेणी घालणाऱ्या हाताला पहिल्या चार फेऱ्या अवघड जातात, नंतर बोटं आपोआप चालतात. वेणी सैल घालावी. करकचून घातली तर भट्टीत पीठ फुगताना पेडांच्या सांध्यात चिरा पडतात.

रोश हाशानाला वेणी लांब नसते. एकच जाड वळी गोगलगाईसारखी गुंडाळतात किंवा चार-चार पेड एकमेकांत विणून गोल करतात, वर्षाचं चक्र पुरं व्हावं म्हणून. आत मनुका घालतात. एरवी खलेचा घास मिठात टेकवतात, नव्या वर्षापासून पुढे काही आठवडे मधात. प्राचीन इस्रायलमधला मध बहुतांशी खजुराचा होता असं मानलं जाई, पण तेल रेहोव्ह इथल्या उत्खननात 2007 साली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मधमाश्यांची मातीची पोळीघरं रांगेने सापडली आणि मधमाश्यांचा मधही तिथे मोठ्या प्रमाणावर होत होता हे कळलं. युक्रेनमधले ज्यू प्रायश्चित्ताच्या उपासाआधी पक्ष्याच्या किंवा शिडीच्या आकाराचे पाव करत. वल्हांडणानंतरच्या पहिल्या शब्बाथला खलेवर किल्ली उमटवण्याची चाल अजून बऱ्याच घरांत आहे.

आकार दिल्यावर दुसरं फुगणं पाऊण तासाचं. बोटाने हलकं दाबलं आणि खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की वेळ झाली. फेटलेल्या अंड्याचा एक हात आधी, एक भट्टीत घालताना. चकाकी दुसऱ्या हाताने येते. 175 ते 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. साखर आणि अंडी यांमुळे वरचा रंग लवकर चढतो आणि आतलं कच्चं राहू शकतं. विसाव्या मिनिटाला रंग पुरेसा वाटला तर वर फॉइल टाकावी. थर्मामीटर असेल तर पोटात 88 ते 90 अंश हवेत.

अंडं न चालणाऱ्या मराठी घरांसाठीही या परंपरेत आधीपासून जागा आहे. जर्मनीतल्या ज्यूंची बेर्खेस नावाची वेणी अंड्याविना होते. मऊपणासाठी पिठात उकडलेला, किसलेला बटाटा घालतात आणि वर खसखस. नाझी काळात जीव वाचवून न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात पोहोचलेल्या जर्मन ज्यूंनी ती तिथल्या बेकऱ्यांत नेली. अर्धा किलो मैद्याला एक मोठा बटाटा, 30 मिलिलीटर तेल, मीठ, यीस्ट आणि साखर जेमतेम टेबलचमचाभर. बटाट्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हा पाव दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. जाणवावी इतकी गोडी त्यात नसल्याने कारोंच्या काट्यावरही तो पाव म्हणून उतरतो. साखरेचा चमचा वाढवायचा तर तीनपर्यंत वाढवावा. पुढची चव जिभेला स्पष्ट कळते आणि सेफार्दी घरात तो मग जेवणानंतर, चहाबरोबर खातात.

कापायला सुरी लागत नाही. वेणीचे पेड सांध्यावर सहज सुटतात, घरातलं वडीलधारं माणूस हाताने तोडून तुकडे वाटतं. उरलेली खला रविवारी सकाळी अंडी-साखरेत भिजवून तव्यावर परततात, किंवा सफरचंदाच्या फोडी आणि मनुका घालून पुन्हा भाजतात. शिळी गोड खला अंडं लवकर पिते, म्हणून एक मिनिटभर भिजवली तरी पुरते.